पोटातलं ओठांवर आणायचं कसं

“मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. माझ्या मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. त्यामुळे संडासला घाईने आणि बरेचदा जावं लागतं, त्रास वाढला की रक्तही पडतं. हा आजार कुणाला लागत नाही. औषधं चालू आहेत.”

ही पाच वाक्यं आज मी कुठेही न अडखळता म्हणते. लोकलच्या डब्यात म्हटली आहेत, लग्नाच्या पंगतीत म्हटली आहेत, नव्या साहेबांच्या केबिनमध्येही. २०१२ साली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, होऊन आजाराला नाव मिळालं तेव्हा मी २८ वर्षांची होते. ही वाक्यं तोंडात बसायला पुढची तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत किती थापा मारल्या, किती बारशी आणि डोहाळजेवणं बुडवली, कितीजणांशी विनाकारण दुरावा आला, ते आठवलं की अजून जीव कळवळतो. ज्याच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय आणि घरी काय सांगायचं या विचारात जो दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

“पोटाचा त्रास” हे शब्द सोडून द्या

पहिली गोष्ट हीच. मराठीत “पोटाचा त्रास” म्हटलं की समोरच्याला ॲसिडिटी आठवते, गॅस आठवतो, फार तर पाळीचं दुखणं. तो लगेच ओवा, हिंग, ताक सुचवणार. त्यात त्याची चूक काहीच नाही, आपणच त्याला चुकीच्या रस्त्याला लावलेलं असतं. 

तुमच्या घरात जो शब्द चालतो तो घ्या. आमच्या वाईकडच्या घरात जुनी माणसं “परसाकडे” म्हणतात, डोंबिवलीत आम्ही “संडास” म्हणतो, ऑफिसात “टॉयलेट” म्हणते. कुठलाही घ्या, पण त्या क्रियेचा उल्लेख वाक्यात हवा, आणि रक्त पडत असेल तर “रक्त” हा शब्द हवाच. मी बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, आरशासमोर मोठ्याने म्हणत असे. पहिल्या दिवशी “रक्त” म्हणताना आवाज खाली गेला. आठवड्याभराने तो शब्द मला “ताप” किंवा “खोकला” यांच्यासारखा वाटू लागला. एकट्याने मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय दुसऱ्यासमोर म्हणायला जाऊ नका.

नावाचाही घोळ मिटवून ठेवा. कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन आजार मिळून आयबीडी, म्हणजे आतड्याला सूज आणणारे आजार. कोलायटिस मोठ्या आतड्यात असतो, गुदद्वाराकडून सुरू होऊन वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले भाग सोडून सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आयबीएस हे तिसरंच प्रकरण. त्यात दुखतं, जुलाब होतात, माणूस खरंच बेजार होतो, पण आतड्याला जखमा नसतात. तुम्ही आयबीडी म्हणालात की दहांतले आठजण “हो हो, माझ्या भावजयीलाही आयबीएस आहे, टेन्शनमुळे होतं” म्हणतात. तिथेच शांतपणे सांगायचं, “ते वेगळं. माझ्या आतड्याला जखमा आहेत, दुर्बिणीतून दिसतात.” दुर्बीण म्हटली की लोक नीट ऐकतात, हा माझा अनुभव.

डॉक्टरांशी बोलताना आकडे द्या

डॉक्टरांसमोर कसली लाज, असं म्हणायला सोपं आहे. मला २०११ मध्ये पहिल्यांदा रक्त दिसलं आणि मी १४ महिने मूळव्याधीचं मलम लावत बसले. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी तपासलं नाही हे खरं, पण मीही त्यांना “कधी कधी थोडं पडतं” एवढंच सांगितलं होतं. दिवसातून आठ वेळा जाते, रात्री दोनदा उठते, रक्तासोबत आव पडते, यातलं अक्षरही काढलं नव्हतं. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ निघालं.

आता मी वही ठेवते. नोकरी अकाउंट्समधली, त्यामुळे रोजमेळ लिहायची हाताला सवय आहे. बिघडलेल्या दिवसांतली एक ओळ जशीच्या तशी देते: “१४ मार्च. ९ वेळा, त्यांतल्या ६ वेळा रक्त. आव आहे. रात्री २ दा उठले. कळ आल्यावर थांबवता येतं जेमतेम ३ मिनिटं. जाऊन आल्यावरही झालं नाही असं वाटतं. वजन ४७.” ही वही मी डॉक्टरांसमोर उघडून ठेवते. वाचून दाखवायची हिंमत नसेल त्या दिवशी नुसती त्यांच्याकडे सरकवा. कागद आपल्या वतीने बोलतो.

यात एक आकडा मनात कोरून ठेवा. दिवसात सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्त पडतंय आणि जोडीला ताप आहे किंवा स्वस्थ बसलेलं असताना नाडी ९० च्या वर आहे, तर उद्याची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. घरातल्या निदान एका माणसाला हा आकडा माहीत असायला हवा, कारण त्या अवस्थेत आपलं डोकं चालत नाही.

आणि दातांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, कोपऱ्यावरचे औषधवाले, यांनाही पाच वाक्यं सांगायचीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी हा आजार पुन्हा उसळू शकतो. माझी एकदा पाठ धरली होती. “पोटाचं काही आहे का” असं विचारल्यावर मी “नाही” म्हणाले, आणि पुढचे दोन महिने भोगले.

घरातलं पहिलं माणूस

माझ्या बाबतीत नवऱ्याला सांगावंच लागलं, ते एनिमामुळे. मेसालामाइनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं सूज उतरवणारं औषध, रात्री झोपताना, डाव्या कुशीवर पडून घ्यायचा असतो आणि औषध शक्य तितका वेळ, रात्रभर, आत राहू द्यायचं असतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. रक्ताचं सोडा, मी त्याला कोलोनोस्कोपीचं कारणसुद्धा “अल्सर बघताहेत” असं सांगितलं होतं. चार रात्री मी तो एनिमा बाथरूममध्ये, थंडगार लादीवर टॉवेल अंथरून घेतला. पाच मिनिटांत उठून बाहेर यायचे, म्हणजे औषध वाया. एका बाटलीची किंमत काय असते ते ज्यांनी घेतली आहे त्यांना ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाताना मी बोलले. ही जागा मुद्दाम निवडली होती आणि तुम्हालाही तेच सुचवते. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, मध्ये गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही. अंथरुणात, भांडणाच्या भरात किंवा कळ आलेली असताना हा विषय काढू नये. मी पाच वाक्यं म्हटली आणि सहावं जोडलं: “रात्री मला पलंगाची डावी बाजू हवी आहे आणि खाली रबरी चादर घालायची आहे.” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “रबरी चादर कुठे मिळते?”

त्या प्रश्नाने मला शिकवलं की ज्याला सांगायचं, त्याच्या हातात काहीतरी काम द्यायचं. नुसता आजार सांगितला की ऐकणारा भांबावतो, आणि भांबावलेला माणूस एकतर सल्ले देतो किंवा विषय बदलतो. काम दिलं की त्याला पाय टेकायला जागा मिळते. पुढे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याच्यासाठी सहावं वाक्य आधी ठरवून मगच तोंड उघडलं.

जोडीदाराला आणखी दोन गोष्टी वेळेआधी सांगा. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, सुरू झाली की चेहरा गोल सुजतो, झोप उडते, चिडचिड होते, मध्येच रडू येतं. मला ४० मिलिग्रॅमवर असताना रात्री दोन वाजता भांडी घासाविशी वाटायची. “हे गोळीमुळे आहे, डोस हळूहळू उतरेल तसं जाईल” असं आधी बोलून ठेवलं असलं की भांडणं निम्म्याने कमी होतात. दुसरी गोष्ट जवळीक. कित्येक दिवस अंगात त्राण नसतं, भीतीही असते. “आज नको, दमले आहे, रागावले नाहीये” एवढं वाक्य पुरतं. न बोलता कूस बदलली की दुसरा माणूस भलताच अर्थ काढतो.

सासर, गाव आणि गणपती

आमचा गणपती वाईजवळच्या गावी असतो. पाच दिवस, घरात बावीस-तेवीस माणसं, आणि संडास एक, मागे परसात, गोठ्याच्या पलीकडे. रात्री जायचं तर बॅटरी घेऊन. आतला दिवा कित्येक वर्षं गेलेला, कडी गंजलेली, ती लागायला दोन्ही हात लागायचे.

त्यातून सोवळं. नैवेद्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने परसाकडे जाऊन आल्यावर पुन्हा अंघोळ करायची, ओलेत्याने पातळ बदलायचं. मी दिवसातून सात-आठ वेळा जाणार, म्हणजे किती अंघोळी करणार? २०१२, १३, १४ अशी तीन वर्षं मी सकाळपासून काही खायचंच नाही, पाणीसुद्धा घोटघोट, असा उपाय केला. उपास आहे म्हणून सांगायचे. तरी जावं लागायचंच, आणि मग “हिला कामाच्या वेळीच बरं सुचतं” हे चुलत सासूबाईंचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. २०१४ ला तर मुलगी आठ महिन्यांची होती, अंगावर पीत होती, आणि मी उपाशी. दुसऱ्या दिवशी मोदकाची उकड काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली.

सासूबाईंनीच धरून बसवलं. त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही सांगितलं. सांगितलं पुढच्या वर्षी, गणपतीच्या महिनाभर आधी, डोंबिवलीत. त्या श्रावण घेवडा निवडत होत्या, मीही एक ताट घेऊन बसले. हात कामात असले की मोठ्या माणसांशी बोलणं सोपं जातं.

“आई, मला एक सांगायचंय. मला आतड्याचा आजार आहे, चार वर्षं झाली. परसाकडे सारखं जावं लागतं. रक्त पडतं.”

त्यांचे हात थांबले. “रक्त? कुठून?”

“संडासच्या जागेतून.”

“मूळव्याध?”

“मूळव्याध नाही. आतल्या आतड्याला जखमा आहेत. दुर्बिणीतून बघितलंय.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हलकेच म्हणाल्या, “माझ्या हातच्या तिखटाने झालं का गं?”

एवढी वर्षं त्यांना काय वाटेल याची मी नाही नाही ती कल्पना केली होती. त्यांना स्वतःचा दोष वाटेल हे मनातही आलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते, मोठ्यांना सांगताना “हे कुणाच्या खाण्या-करण्याने झालेलं नाही” हे वाक्य न विचारता म्हणा. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात काही भाग आनुवंशिक असतो, काही परिस्थितीचा, आणि नेमकं एक कारण दाखवता येत नाही. तिखटाने आजार होत नाही. त्रास वाढलेला असताना तिखट, मटकीची उसळ, कच्ची कोशिंबीर सोसत नाही, एवढंच.

मग माझं सहावं वाक्य: “गणपतीत मी नैवेद्याच्या स्वयंपाकाला नाही उभी राहणार. आरास, पाहुण्यांचा चहा, वाढणं, हिशेब सगळं करीन.”

त्यांनी होकार दिला. नवसही बोलल्या, तो त्यांचा मार्ग. पण त्या वर्षी आम्ही गावी पोहोचलो तेव्हा परसातल्या संडासात नवा बल्ब लागला होता, कडीला तेल होतं, आणि कोपऱ्यात झाकणाची बादली आणि फडताळावर साबण, जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या घड्या. कुणाला काही न बोलता त्यांनी दोन दिवस आधी जाऊन करून घेतलं होतं. चुलत सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्याच म्हणाल्या, “तिला आतड्याचं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.” त्यापुढे चर्चा नाही. घरात एक वडीलधारं माणूस आपल्या बाजूने बोललं की बाकीच्यांना वेगळं सांगावं लागत नाही. ते माणूस कोण, हे आधी हेरा आणि सगळ्यांत आधी त्याला सांगा.

२०२० च्या गणपतीत आम्ही लॉकडाउनमुळे डोंबिवलीतच होतो. २८ ऑगस्टला बातम्यांत जपानचे पंतप्रधान शिंझो आबे राजीनामा देताना दिसले, कारण अल्सरेटिव्ह कोलायटिस. २००७ मध्येही त्यांनी पद सोडलं होतं, तेव्हाही हाच आजार होता, आणि मधली जवळजवळ आठ वर्षं औषधांवर राहून त्यांनी देश चालवला. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. “बघ, तुझंच आहे त्यांना. सगळ्या जगापुढे सांगताहेत.” मग बिल्डिंगमधल्या दोघींना फोन करून त्यांनी हे कळवलंही, माझ्या नावासकट. पाच वर्षांपूर्वी मला ते सहन झालं नसतं.

उपाय सुचवणाऱ्यांना

सांगितलं की उपाय येणारच. बेलाचा मुरंबा, कुड्याची साल, कुणा महाराजांचा अंगारा, “गोळ्या बंद कर, त्यांनीच बिघडतंय.” माणसं मायेने सांगतात, म्हणून तोडून बोलू नये. मी म्हणते, “नाव लिहून द्या, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारते.” आणि खरंच विचारते. पण गोळ्या बंद करण्याच्या गोष्टीला तिथल्या तिथे नाही म्हणा. बरं वाटतंय म्हणून औषध सोडलं की आजार परततो, आणि स्टेरॉइड अचानक थांबवणं तर जिवावरही बेतू शकतं. या एका मुद्द्यावर मी सख्ख्या मामाशीही आवाज चढवला आहे.

ऑफिसात

माझ्या आधीच्या ऑफिसात “वारंवार जागेवर नसणे” म्हणून मेमो मिळाला होता. मी काहीच सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या नजरेने मी कामचुकार बाईच होते. तरीही एका शब्दाने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आताचं ऑफिस फोर्टमधल्या जुन्या इमारतीत आहे. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, त्याला कुलूप, आणि किल्ली लाकडाच्या ठोकळ्याला बांधून शिपाईकाकांच्या खणात. काका जेवायला गेले की किल्लीही गेली. रुजू झाल्यावर पंधरा दिवसांनी, काम हातात बसल्यावर, मी सरांची वेळ मागून घेतली. दारात उभं राहून सांगायचा हा विषय नाही, दहा मिनिटं ठरवून बसा. पाच वाक्यं आणि मग सहावं: “मला संडासच्या किल्लीची डुप्लिकेट हवी आहे. बाकी काम मी वेळेत देईन. वर्षात एखाद-दोनदा हॉस्पिटलची रजा लागेल.” सर वरमले, पण किल्ली त्याच दिवशी संध्याकाळी करून आली. तीस-चाळीस रुपयांची वस्तू असेल. त्या किल्लीने माझी नोकरी टिकली असं मी म्हणेन.

डॉक्टरांचं एक पत्र फाइलला लावून ठेवा, त्यात आजाराचं नाव आणि “तातडीने प्रसाधनगृहाची गरज भासते” एवढं पुरे. कायद्याचा मोठा आधार धरून मात्र जाऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव नाही, त्यामुळे सगळी भिस्त समोरच्याच्या समजुतीवर आहे. सहकाऱ्यांपैकी सगळ्यांना सांगायची गरज नसते. शेजारच्या टेबलवरच्या एकीला मी सांगितलं, म्हणजे फोन आला तर “खाली गेलीये, पाच मिनिटांत येते” असं ती म्हणते.

आरोग्य विमा काढताना मात्र सगळं, रिपोर्टच्या तारखेसकट, लिहून द्या. लपवलं तर नेमका गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जातो. आधीपासूनच्या आजाराला थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे, आधी ती ४८ होती. लवकर काढलात तर लवकर संपेल.

लोकल

लोकलला संडास नाही. डोंबिवलीहून फास्ट पकडली तरी सीएसएमटी तासाभरावर. मध्ये ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा. कुठल्या प्लॅटफॉर्मवर कुठल्या टोकाला सोय आहे, हे मला पाठ आहे. ७.५२ च्या आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपला सांगताना माझं काम त्यांच्यासाठी एकच होतं: “मी ‘ठाणे’ म्हटलं की मला दारापर्यंत वाट करून द्या, का ते विचारू नका.” त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आता गर्दीत अनोळखी बायकांनाही त्या सरकवतात. एकीने पर्समध्ये माझ्यासाठी जादा पँटी आणि ओले टिश्यू ठेवायला सुरुवात केली. एकदा घाटकोपरला ते लागलंही. त्या दिवशी ती माझ्याबरोबर उतरली, बाहेर उभी राहिली, आणि तिचाही लेटमार्क लागला.

लग्न ठरताना

हा अनुभव माझ्या मावसभावाचा, त्याला विचारून लिहिते. त्याला क्रोन्स आहे. आधी आतड्याचा टीबी समजून टीबीची औषधं दिली होती. आपल्याकडे हे बऱ्याचजणांचं होतं, कारण दोन्ही दुर्बिणीतून सारखे दिसू शकतात. स्थळं बघायला लागले तेव्हा मावशी म्हणत होती, झाकली मूठ ठेवू, लग्नानंतर बघू. तो ठाम राहिला, आणि त्याचंच बरोबर होतं असं माझं मत आहे.

त्याने नियम केला. पहिल्या भेटीत नाही, कारण तेव्हा एकमेकांचं नावगावही नीट कळलेलं नसतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, साखरपुड्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या तोंडाने. मध्यस्थाकडून कधीच नाही, कारण मध्यस्थ “किरकोळ पोटाचं” म्हणून सांगतो आणि खोटेपणा आपल्या माथी येतो. आजार, औषधं, खर्च, ऑपरेशनची शक्यता, सगळं सांगायचं. मुलाबाळांचं मुलीकडचे विचारतातच. आई-वडिलांपैकी एकाला असला तर मुलाला धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना होत नाही, हे त्याने डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं. शिवाय “तुम्ही माझ्या डॉक्टरांना येऊन भेटा” असं तो म्हणायचा. दोन ठिकाणी नकार आला. तिसरी आली ती वही-पेन घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांचं लग्न २०१९ ला झालं.

आजार मुलीला असेल तर हेच, आणि जोडीला एक. या आजारात मूल होऊ शकतं. माझं झालं. आजार शांत असताना दिवस राहू द्यावेत आणि औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलावीत, कारण काही चालतात आणि मेथोट्रेक्सेटसारखी अजिबात चालत नाहीत.

मुलांना

माझी लेक पाच वर्षांची असताना दाराबाहेर बसून राहायची. एकदा विचारलं, “आई, तू आत का रडतेस?” मुलांना कळत नाही असं कधी समजू नका, त्यांना अर्धं कळतं आणि उरलेलं अर्धं ती भीतीने भरतात. मी म्हटलं, “तुझा गुडघा खरचटला होता ना, तसं माझं पोट आतून खरचटलंय. जाताना झोंबतं. औषध घेतेय. तुझ्यामुळे झालं नाही आणि तुला लागणार नाही.” तिला काम दिलं पाण्याची बाटली दाराशी आणून ठेवायचं. आता ती अकरा वर्षांची आहे. शाळेत मैत्रिणीला शू-शीला जायला बाई सोडत नव्हत्या, तेव्हा हीच उभी राहून बोलली.

कुणाला सांगायचं नाही

उघडपणे बोलणं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगणं नव्हे. ज्याच्याकडून मला काही नको आहे आणि ज्याला माझ्याबद्दल काही वाटत नाही, त्याला मी “तब्येतीमुळे जमणार नाही” म्हणून थांबते. ही थाप नाही. आणि बिघडलेल्या दिवसांत नव्याने कुणाला सांगायला जाऊ नका. त्या दिवसांत समोरच्याचं एक वेडंवाकडं वाक्यही सोसत नाही. बरे दिवस असताना सांगून ठेवा.

बोलता येणार नाही अशीही वेळ येते, त्यासाठी माझ्या पर्समध्ये लोकलच्या पासामागे एक कागद आहे, पोस्टकार्डाएवढा. मराठीत आणि हिंदीत लिहून लॅमिनेट केलेला. वर नाव, रक्तगट, नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा नंबर. खाली: “मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. हा संसर्गाचा आजार नाही. मला ताबडतोब संडासला जाऊ द्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. स्टेरॉइड चालू असल्यास अचानक बंद करू नये.” मागच्या बाजूला चालू औषधं आणि डोस, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे डोस बदलला की पट्टी काढून नवी चिठ्ठी लावता येते. पगाराच्या दिवशी मी तो कागद तपासते. या महिन्यात प्रेडनिसोलोनची ओळ काढून टाकली.